येसूबाईंची उघडी खिडकी

भयाला आपण दुर्बलतेच्या पंक्तीत बसवतो. ते सर्वथा न्याय्य नाही. ज्याने एकदा गमावले आहे, त्याच्या अंतःकरणात एक भय आमरण जागे राहते आणि परक्यांच्या लेकरांवर पहारा देते. अशा भयाला अवधान हेच नाव शोभते. मिरजोळ्यात सुईणपण करणाऱ्या येसूबाईंच्या ठायी ते अवधान होते.

त्यांचा पहिला मुलगा लवू एकवीस दिवसांचा असताना झोपेतच गेला. कोणी दृष्ट म्हणाले, कोणी सटवाईचा कोप. येसूबाईंनी त्यावर कधी तोंड उघडले नाही. पुढे त्या गावची बाळंतपणे करू लागल्या, तेव्हा न्हाऊन निजलेल्या प्रत्येक बाळाच्या नाकाशी हात पालथा धरून उभ्या राहत. बायका थट्टा करीत, "काकी, श्वास मोजतेस की चोरून नेतेस?" येसूबाई हसत, हात मात्र मागे घेत नसत.

१९८३ साली गावातली मैना गरोदर राहिली. नवरा महिपत मुंबईच्या गोदीत. घरी सासू मथुरा. सहाव्या महिन्यापासून येसूबाई दुपारच्या येऊन बसत. "डाव्या कुशीवर पड गो. आणि दिवेलागणीला रोज एकच ओवी म्हण. पोटातलं पोर ऐकतं. उद्या तीच त्याला निजवील."

"पोटातच शाळा घातलीस काय गो काकी?" मथुरा हसली. "पाटी-पेन्सिल कोण देणार?"

पुढल्या आषाढात मुलगी झाली. तिचे नाव राही. येसूबाईंची रीत ठरलेली होती. न्हाणे झाले की ओव्याची धुरी, आणि लगेच निखाऱ्यांची शेगडी खोलीबाहेर पडवीत. खिडकी वीतभर उघडी. बाळ पाठीवर, उशीवाचून. तोंडाजवळ गोधडीचा पदर येऊ द्यायचा नाही. ते कुरकुरले तर लगेच उचलायचे नाही. छातीवर अलगद हात, तीच ओवी, आणि थोडा धीर. महिन्याभरात राही त्या सुराला डोळे मिटू लागली.

श्रावणात येसूबाई भाचीच्या बाळंतपणाला चिपळूणला गेल्या. वाशिष्ठी नदी चढली, एस.टी. बंद झाली आणि दोन दिवसांचे पाच झाले. इकडे दमट वाऱ्याने राही किरकिरी झाली. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास येसूबाई भिजल्या लुगड्यानिशीच मैनेच्या दारात आल्या. मथुरा पायरीवर तांदूळ निवडीत होती.

"आलीस? आता तुझं काम नाय गो," ती कौतुकाने म्हणाली. "चार दिवस पोर डोळा लावीत नव्हती. आज गोणपाटानं खिडकी बुजवली, बाजेखाली शेगडी ठेवली. तास झाला, हूं नाय की चूं नाय."

येसूबाई तशाच पायरी चढल्या. "आणि मैना?"

"ती पण गाढ. डोकं दुखतंय म्हणत होती."

येसूबाईंनी दार ढकलले. उबदार, जड हवा अंगावर आली. करवंट्यांचे निखारे बाजेखाली मंद धुमसत होते. वर मायलेकी निपचित. तीस वर्षांपूर्वी लवू गेला त्या खोलीतली तीच ऊब, तीच प्रशंसनीय शांतता! त्यांनी गोणपाट ओढून फेकला, राहीला उचलले आणि ओरडल्या, "मथुरे, मैनेला बाहेर ओढ!"

पडवीत वारा होता. राहीची मान येसूबाईंच्या दंडावरून लोंबत होती. त्यांनी नाकाशी हात धरला, काहीच कळेना. श्वास कोणता आणि वाऱ्याची झुळूक कोणती, हे उमगेना. त्यांनी तळव्यांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, पुन्हा मारल्या. मैना अंगणाच्या कडेला ओकत होती आणि "माझी राही" एवढेच म्हणत होती. मग एक बारीक, चिडका हुंकार आला. त्यामागून रडणे.

गावाजवळच्या एका कारखान्याच्या टेम्पोतून दोघींना इस्पितळात नेले. डॉक्टरांनी कोंडलेल्या निखाऱ्यांच्या वायूची बाधा म्हणून दोन दिवस ठेवून घेतले आणि धोका टळल्याचे सांगितले. व्हरांड्यात मथुरा येसूबाईंच्या पायांशी बसली. "काकी, मी माझ्या हातानं पोरीला मारलं असतं गो."

येसूबाईंनी तिला उठवून शेजारी बसवले. "माझ्या लवूची खिडकी मीच बुजवली होती," त्या म्हणाल्या. "शेगडी आत ठेवून, त्याला वारा लागू नये म्हणून. नेसूचं लुगडं फाडून."

हे त्यांनी त्यापूर्वी कोणाला सांगितले नव्हते. मथुरेने श्वास पाहणारा त्यांचा तो हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही.

घरी परतल्यावर मथुरेने सुतार बोलावून त्या खिडकीची एक झडप कायमची काढवली. पावसासाठी बाहेरून माडाच्या झावळ्यांचा झाप बांधला.

येसूबाई १९८९ साली वारल्या. ती झडप अजून बसवलेली नाही.