थरवाली

"पिंप नाल्यात ओतायला कोणी सांगितलं, मामा?"

"मी सांगितलं. प्रदूषण खात्याचे साहेब पाणी तपासून गेले, काम झालं. मग तो रंग काय उशाशी घेऊन झोपू?"

रंगाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये दोघं टाकीपाशी उभी होती. मामा कारखान्याचा व्यवस्थापक, भाची तिथली रसायनाची बाई. सगळे तिला थरवालीच म्हणत. कापडाची पट्टी एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, पुन्हा धुवायची. दर खेपेला डोळ्यांना न दिसणारा एक थर चढायचा. पोरगी दिवसभर फडकी बुडवते आणि घरात कप विसळत नाही, अशी आई तिची थट्टा करायची. पण ते थर सांडपाण्यातला रंग घट्ट धरायचे आणि आंबट पाण्यात घातले की मुकाट सोडायचे. सुटलेला रंग पिंपात भरून पुन्हा कापडावर चढवायचा, हा तिचा बेत. त्यासाठी तिने तरुणपणातली उमेदीची वर्षं त्या द्रावणांत घातली होती.

आज कामावर येताना तिला नाला जांभळा दिसला. काठावर बाया धुणी तशीच टाकून बसल्या होत्या. एकीने डाग पडलेला तान्ह्याचा लंगोट तिच्यापुढे धरला, आणि तिला मान वर करवेना.

मामाचं म्हणणं सरळ होतं. पिंपातला रंग गाळून वापरायचा तर काम थांबतं, आणि मालक थांबू देत नाहीत. त्यात बायांनी तक्रार केलेली, म्हणून उद्या पुन्हा तपासणी.

"म्हणजे साहेबांसमोर धरायचं आणि पाठ फिरली की सोडायचं," ती म्हणाली. "यासाठी केलं होतं मी हे?"

"ही नोकरी तुला कोणी लावली, तेही आठव जरा."

"आठवतंय. म्हणून तर इतका वेळ नीट बोलतेय."

मामाने टाकीत डोकावून पाहिलं. पट्ट्या रंगाने गच्च भरल्या होत्या. आंबट पाण्यात न धुता तशाच लावल्या तर उद्या थेंबभर रंग धरणार नव्हत्या. आंबटपणा जास्त झाला तर थरच सुटून यायचे. ते प्रमाण तिच्याशिवाय कोणी कधी जमवलं नव्हतं. मामाचा आवाज एकदम मऊ झाला.

"बरं, तू नको हात लावूस. आंबट किती घालायचं, तेवढं सांग. बेटा?"

तिने हातमोजे काढून टाकीच्या काठावर ठेवले, पर्स खांद्याला अडकवली आणि दाराबाहेर पडली.