पडद्याचं नाव सगळ्यांना दिसत होतं

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी "नेटवर्क" म्हणते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलते. एकदा नागपूरला मावशीला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे टीव्ही लावून देतेस." तेव्हापासून मी टीव्ही लावून देते.

त्या वर्षी ओमानमधल्या सहमला तेच करत होते. आमच्या कंपनीने तिथे नवं ट्रेनिंग सेंटर उभं केलं होतं. घर मस्कतला, अल मवालेहला. आठवडाभर सहमच्या गेस्टहाउसवर राहायचं आणि गुरुवारी संध्याकाळी घरी परतायचं. सेंटरमधल्या प्रत्येक खोलीत भिंतभर स्क्रीन होता आणि केबल औषधालाही नव्हती. साइट मॅनेजरला केबलचा तिटकारा. भिंतीतली सगळी भोकं बुजवून त्याने वरून रंग मारून घेतला होता. माणूस फोन घेऊन आत आला की स्क्रीनचं नाव आपोआप फोनवर दिसलं पाहिजे, आणि बोट लावलं की फोनमधलं चित्र भिंतीवर आलं पाहिजे, असा त्याचा हुकूम.

"आपोआप" म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं? स्क्रीन एका नेटवर्कवर, माणसांचे फोन दुसऱ्यावर, आणि सुरक्षेसाठी दोन्हींच्या मध्ये आडकाठी. त्यामुळे समोर स्क्रीन आहे हे फोनला कळतच नाही. त्यासाठी बीकन लावतात. बाटलीच्या बुचाएवढी चकती असते, ती स्क्रीनच्या मागे चिकटवायची. ती ब्लूटूथवरून दिवसरात्र एकच सांगत बसते: मी ट्रेनिंग हॉलचा पडदा, माझा पत्ता अमुक. जवळच्या फोनला ते ऐकू येतं आणि त्याच्या यादीत पडद्याचं नाव उमटतं. चकतीचं काम तिथेच संपतं. त्या पत्त्यावर जायचा रस्ता उघडा आहे की बंद, हे तिला ठाऊक नसतं.

आणि रस्ता सगळ्यांना उघडा नव्हता. कंपनीच्या पगारावर असलेल्यांना उघडा, बाकीच्यांना बंद. ड्रायव्हर, सफाईवाले, माळी, चहावाले हे सगळे माणसं पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे, म्हणून ते पाहुण्यांच्या नेटवर्कवर. पण चकतीला पगारी कोण आणि पाहुणा कोण हे कुठून कळणार? पडद्याचं नाव सगळ्यांच्याच फोनवर दिसायचं. ड्रायव्हर लोक हौसेने त्यावर बोट लावायचे, गोल चक्र फिरत राहायचं आणि शेवटी काहीच व्हायचं नाही. मी मॅनेजरला म्हटलं, एक तर यांना रस्ता द्या, नाहीतर नाव तरी लपवू द्या, हे बरं दिसत नाही. तो म्हणाला, "दिखने दो ना. लगना नहीं चाहिए, बस." मला राग आला. मला राग लवकर येतो, आणि त्याचा उपयोग सहसा कुणालाच होत नाही.

तिथे चहा करणारे चाचा रत्नागिरीकडचे होते. साठीला टेकलेले, बारीक अंगाचे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी मराठी बोलते हे कळल्यावर माझा चहा आधी यायला लागला. मला ते "बाय" म्हणायचे, लेकीला म्हणतात तसं. मी नागपूरची आणि ते कोकणातले, त्यामुळे एकमेकांचं बोलणं पहिले काही दिवस निम्मंच कळायचं. त्यांना माझा आवाज भांडल्यासारखा वाटायचा. "बाय, चाय देतो, मारू नको," म्हणत कप ठेवायचे.

पाहुण्यांचा फोन खरोखरच अडतो का, हे तपासायला मला एक फोन हवा होता. चाचांचा मागितला. त्यांनी खिशातून काढला, नाकाला लागेल इतका जवळ नेला, मग तसाच माझ्या हातात दिला. "तूच दाब. मना काय ता बटन गावत नाय."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले. चहा ओतताना ते एक बोट कपाच्या काठाच्या आत धरायचे. चहा बोटाला लागला की किटली वर. इतके दिवस मला ती घाणेरडी सवय वाटली होती. दारातून जाताना खांदा चौकटीला किंचित घासून जायचे. मी विचारलं तेव्हा आधी हसले, मग इकडेतिकडे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "साखर हाय. डोल्यात रगत उतरला. मोठा काय असंल तर दिसता, बारीक निस्ता धूर. कुनाला बोलू नको, बाय. अर्बाबला, मालकाला कललं तर खलास."

मी कुणाला बोलले नाही. घरी त्यांच्या पैशांवर कोण कोण होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण आई होती, खूप म्हातारी, तिच्याबद्दल रोज काही ना काही सांगायचे. आईला सांभाळणारी विधवा बहीण होती. पुढच्या सुट्टीत आईला भेटायचं, तेवढं झालं की इथली नोकरी गेली तरी चालेल, असं म्हणायचे.

त्या सकाळी मी हॉलमध्ये शिडीवर होते. शेवटच्या बीकनची पॉवर कमी करत होते, म्हणजे तो बाहेरच्या कॉरिडॉरपर्यंत ओरडणार नाही. चाचा आत आले. हातात ट्रे नव्हता.

"आय गेली," ते म्हणाले. "पहाटं, फजरच्या टायमाला."

मी खाली उतरले. माझे बाबा गेले तेव्हा मी मस्कतहून निघाले आणि मला पोचायला दुसरा दिवस उजाडला. सगळे थांबले होते. बुद्धवंदना झाली, मी चेहरा पाहिला, मग नेलं. आमच्यात लांबच्या मुलासाठी थांबतात. त्यांच्यात मय्यत ठेवत नाहीत, जोहरच्या नमाजानंतर माती द्यायची ठरलं होतं. जोहर म्हणजे दुपारची, आणि तिकडचं घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास पुढे. पासपोर्ट दुसऱ्या कंपनीच्या ऑफिसात, तो हातात असता तरी विमानाने पोचणं शक्य नव्हतं. हे चाचांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते सुट्टी मागायला आलेच नव्हते.

"बहीन फोनवर दाखवील बोलते," ते म्हणाले. "पन फोनवर मना धूर. त्या पडद्यावर लाव गो बाय. त्याचा नाव येतो माज्या फोनात. येवढा मोठा हाय, दिसंल मना. आयेचा तोंड बघायचा हाय."

घरचे कॉल चाचांना एका खास अ‍ॅपवर यायचे. साधा व्हिडिओ कॉल या देशात बंद, म्हणून पुतण्याने ते चाचांच्या फोनवर घालून दिलं होतं. माझ्या फोनवर ते नव्हतं, आणि तिकडच्या बहिणीला हिरवं बटन दाबण्यापलीकडे काही येत नव्हतं. चाचांचा फोन कंपनीच्या नेटवर्कवर घ्यावा तर त्यांचं नाव कंपनीच्या यादीत नाही. माझ्या नोकरीच्या कितीतरी आधीपासून हा माणूस तिथे चहा पाजत होता, आणि नेटवर्कच्या लेखी तो पाहुणा. म्हणजे रस्ता उघडायचा तर पाहुण्यांसाठीच उघडायला हवा होता.

मी मॅनेजरला फोन केला. तो बाहेरच्या लोकांबरोबर मीटिंगमध्ये होता. सगळं सांगितलं, फक्त डोळ्यांचं सोडून. तो वाईट माणूस नाही. "अरे रे" म्हणाला. मग म्हणाला, "एक मेल डाल दो, रीझन लिखके. मैं मस्कत फॉरवर्ड करता हूँ." मी मेल लिहिला. पण कारण काय लिहायचं? "एका कर्मचाऱ्याच्या आईचं निधन" लिहिलं, मग आठवलं की कर्मचारी हा शब्द चालणार नाही, आणि तो खोडला.

बहिणीचा कॉल आला. चाचांनी फोन माझ्याकडे दिला. स्क्रीनवर सारवलेली ओसरी, बायकांची गर्दी, आणि मध्ये खाटेवर पांढऱ्या कफनात ती म्हातारी, चेहरा उघडा. मला स्वच्छ दिसत होती. कपाळ लहान, गाल बसलेले. चाचांनी फोन परत घेऊन नाकाशी नेला, दूर धरला, पुन्हा नाकाशी नेला. "नाय," म्हणाले. मी म्हटलं, चाचा, मी सांगते कशी दिसतेय ते. त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच्या डोळ्यांनी आई बघायची नव्हती त्यांना.

"भाय, लोका अंगनात थांबलीत," बहीण सांगत होती. "मामू म्हनतात आता उशीर नको. किती थांबवू मी?"

"जरासा थांबव," चाचा म्हणाले. "बाय लावते हाय."

मेलला उत्तर नव्हतं. मॅनेजर फोन उचलत नव्हता. बहिणीने तिकडे पुरुषांना दोनदा परत पाठवलं, ते मला ऐकू येत होतं. शेवटी मी लॅपटॉप उघडला आणि परवानगीशिवाय रस्ता उघडला. चोरी म्हणा. पण तो बदल लागू व्हायचा म्हणजे पाहुण्यांचं नेटवर्क एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होणार, आणि तेवढ्यात कॉल तुटणार. दुसरा इलाज नव्हता. बहिणीला मी ओरडून सांगितलं, ताई, कॉल कट होईल, पुन्हा लावा, तोवर त्यांना थांबवून ठेवा.

कॉल तुटला. आम्ही दोघं त्या रिकाम्या काळ्या पडद्यासमोर उभे राहिलो. चाचा ओठातल्या ओठात काही म्हणत होते. नेटवर्क सुरू व्हायला जितका वेळ लागतो तितकाच लागला असेल, पण मी त्याला तोंडाला येईल त्या शिव्या दिल्या. फोन परत जोडला गेला. पडद्याचं नाव आलं. मी बोट लावलं, आणि पहिल्यांदाच ते चक्र फिरून थांबलं. भिंतीवर चाचांच्या फोनचा वॉलपेपर आला, मक्केचं चित्र. मग कॉल आला.

भिंतभर पांढरं दिसलं. खाट. खाटेवर अंथरलेली चादर, मधोमध थोडी खोलगट, एका टोकाला उशी. खाटेवर कुणी नव्हतं. बाहेरून मय्यत नेणाऱ्या पुरुषांचा कलमा ऐकू येत होता, दूर दूर जाणारा.

बहिणीचा आवाज फुटला. "भाय, माजा कुनी आयकला नाय, आयेला..."

"दिसली!" चाचा ओरडले. "गो, दिसली मना! आय दिसली!"

ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. दोन्ही हात वर करून तळवे काचेवर टेकवले, जिथे उशी होती तिथे. चादरीच्या त्या पांढऱ्या उजेडात त्यांचा चेहरा उजळला होता. मला वाटलं, बहीण आता खरं सांगणार.

"बघ भाय," ती म्हणाली. "नीट बघून घे."

"तोंड शांत हाय ना गो?"

"शांत हाय."

तिने फोन तसाच धरून ठेवला. चाचा आईशी बोलले, काय ते मी ऐकलं नाही, ऐकू नये म्हणून दाराकडे वळले. दारात मॅनेजर उभा होता. नेट का गेलं ते विचारायला आला असणार. त्याने भिंतीवरची रिकामी खाट पाहिली, काचेला चिकटलेले चाचा पाहिले, आणि त्याला सगळं समजलं. डोळ्यांचंही. तो मान खाली घालून निघून गेला. मला लेखी ताकीद आली ती पुढच्या आठवड्यात, आणि मी सही करून ती घेतली.

दोन महिन्यांनी माणसं पुरवणाऱ्या कंपनीने आपली माणसं बदलली. चाचांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. मॅनेजरने काही सांगितलं होतं का, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरं बोलला असता की खोटं, हे मला कळलं नसतं, आणि मी भांडले असते एवढंच. जायच्या दिवशी चाचांनी सगळ्यांना चहा पाजला. माझ्या कपात बोट बुडवलं आणि म्हणाले, "आता काय लपवायचा?"

दर ईदला त्यांचा फोन येतो, पुतण्या लावून देतो. एक डोळा पुरता गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर आहे. एकदा फोन बहिणीच्या हातात आला तेव्हा ती घाईघाईने कुजबुजली, "मी सांगितला नाय. तू पन नको सांगू." नाही सांगणार म्हटलं. दर वेळी चाचा त्या सकाळविषयी बोलतात, आणि दर वेळी त्यांना थोडं जास्त दिसलेलं असतं. आधी नुसतं तोंड होतं. मग कपाळ आलं. मग हनुवटीवरचा तीळ.

मागच्या ईदला म्हणाले, "बाय, आय हसत व्हती. तू पन बघितलीस ना?"

"बघितली ना, चाचा," मी म्हटलं. "हसत होत्या."