हळदीवर आलेला आळ

माझ्या दादाचा जुना टीव्ही गेम पिवळा का पडला, हा काही कुणी डोक्याला ताप करून घ्यावा असा प्रश्न न्हाय. पण माझ्या डोक्यात एकदा किडा शिरला की शिरला. आणि या प्रश्नात माझ्या आईची अब्रू अडकलेली होती.

गेम बार्शीहून आणलेला. दुधी रंगाचा डबा, वर कॅसेट घालायची खाच. आमच्या तुळजापूरकडच्या वाशीच्या घरात तो टीव्हीशेजारी, पश्चिमेच्या खिडकीपाशी असायचा. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडायची, पुजायची, ही आमची रीत. विळी, खुरपं, आईच्या शिलाईची कात्री. आई त्यात गेमही मांडायची. "पोरगं दिवसभर त्याच्यापुढंच बसतंय, मग त्याचं हत्यार तेच की!" असं म्हणून हसायची आणि हळदीकुंकवाचं बोट लावायची.

काही वर्षांत गेम पिवळा पडला. पडला म्हणजे चांगला जुन्या दातासारखा. दादा तेव्हा दहावीला होता. त्याचे दोस्त घरी आले आणि एकानं विचारलं, "भंगारातनं उचलला व्हय रं?" झालं! दोस्त गेल्यावर दादा आईवर उसळला. "तुझ्या हळदीनं वाटोळं केलं. इथून पुढं माझ्या कशालाबी हात लावायचा न्हाय!" गेम माळ्यावर गेला.

त्यानंतर दादाच्या एकाही वस्तूला आईनं हळद लावली नाही. त्याची मोटरसायकल आली, पुढं पुण्यात नोकरी लागल्यावर गाडी आली. दर खंडेनवमीला आई मला म्हणायची, "तू लाव गं, माझी पोळी करपंल." माझ्या पार्लरच्या कात्र्या-कंगव्यांना मात्र हौसेनं लावायची. दादा तर बोलून मोकळा झालेला, त्याच्या ध्यानातही नसावं. मला लई टोचायचं. तुळजापूर इतकं जवळ, अख्खा मुलूख देवीच्या हळदीत न्हालेला, आणि आमच्या घरात हळदीवरच आळ!

यंदा घट बसायच्या आधी घर धुवायला म्हणून मी सासरहून, ईटहून, माहेरी आले आणि माळ्यावर गेम सापडला. साबणानं घासला, राखेनं घासला, पिवळेपणा ढिम्म हलला नाही. मग नीट बघत बसले. वरचं झाकण पिवळंधमक, खालचा तळ तसाच दुधी. आई बोट लावायची ते एका कोपऱ्यात, मग हे पिवळं सगळीकडं कसं पसरलं? दादानं वर एक वाघाच्या आकाराचं स्टिकर चिकटवलं होतं. ते नखानं खरवडून काढलं, तर खाली दुधी वाघ! म्हणजे जिथं उजेड पोचला न्हाय तिथं रंग जसाच्या तसा. मी मोरीपाशीच "अगं बाई!" म्हणून ओरडले.

मग मोबाईलवर शोधलं. या प्लास्टिकमध्ये रबरासारखा एक भाग असतो. हवेतला प्राणवायू त्याला हळूहळू खातो, आणि ऊन त्या कामाला घाई करतं. आग लागू नये म्हणून प्लास्टिकात जे रसायन मिसळतात त्यालाही काहीजण दोष देतात. जाणत्या माणसांचंही एकमत दिसलं नाही. गंमत म्हणजे, आम्ही पार्लरमध्ये केसांचा रंग उतरवायला जी क्रीम वापरतो, ती लावून उन्हात ठेवलं तर हाच गेम पांढरा होतो म्हणे. उन्हानंच बिघडवायचं आणि उन्हानंच सुधारायचं, काय म्हणावं! हात शिवशिवत होते, पण मी क्रीम लावली नाही. पुरावा कोण धुऊन टाकतं?

एक शंका उरली होती, हळदीची. गेमच्या दुधी तळाला मी तेलात कालवलेली हळद चांगली चोळली, पुसली, आणि डाग वर करून गच्चीवर ठेवला. आमच्याकडचं ऊन, तुम्हाला माहीतच आहे. रोज जाऊन बघायची. डाग फिका होत होत पार गेला. हळद उन्हाला टिकत नाही आणि प्लास्टिक उन्हानंच पिवळं पडतं. म्हणजे हळद सुटली निर्दोष! मी गच्चीवर एकटीच टाळ्या पिटल्या.

खंडेनवमीला दादा आला. पाटावर त्यानं लॅपटॉप ठेवला आणि आईनं तबक माझ्याकडं सरकवलं, "तू लाव गं." मी म्हटलं, थांबा. गेम आणून मधोमध ठेवला, वाघाची जागा दाखवली, तळ दाखवला, सगळं एका दमात सांगितलं. "दादा, तू उगंच आईच्या हळदीला बोल लावलास."

दादा बघतच राहिला. "मी? कधी?"

मी आठवण करून दिली. त्याचं तोंड एवढंसं झालं. मी मोठ्या ऐटीत आईकडं वळले, तर ती निवांत फुलं वेचत होती.

"हळदीचा डाग उन्हात जातो हे मला न्हाय ठाव व्हय गं?" ती म्हणाली. "जन्मभर लुगडी आन डबे उन्हात टाकत आले म्या. त्याच दिवशी कळलं हुतं मला, हळदीनं झालेलं न्हाय ते."

"मग बोलली का नाहीस? आणि इतकी वर्षं लावायची का थांबलीस?" माझा आवाज चढला. माझी सगळी मेहनत पाण्यात!

"हळदीचं न्हवतंच ते," आई म्हणाली. "ह्यो म्हणला, हात लावायचा न्हाय. मग न्हाय लावला."

मग दादानं तबक माझ्यापुढनं उचललं, आईपुढं ठेवलं आणि लॅपटॉप तिच्या मांडीजवळ सरकवला. "लाव," एवढंच म्हणाला.

"थांब, हात धुऊन येते," म्हणून आई उठली. हात तर स्वच्छच होते तिचे. मोरीतला नळ बराच वेळ चालू होता आणि आम्ही दोघं पाटापाशी तिची वाट बघत होतो.