बी साईडची हिवाळी गाणी

थंडी पडली की जपानी माणसाला रडू येतं, असं विसाव्या वर्षी माझं ठाम मत झालं होतं. अण्णानं पाठवलेल्या कॅसेटमधलं एकेक गाणं तसलंच होतं. बर्फ पडतोय, कुणीतरी स्टेशनावर ताटकळत उभं आहे, आणि यायचं ते माणूस काही आलेलं नाही. सुरुवातीला बारीक घुंगरं वाजल्यासारखं काहीतरी व्हायचं, मग पियानो, आणि मग एखादी बाई अशा आवाजात गायला लागायची की एक शब्द कळत नसताना मी टेप मागं फिरवून परत परत ऐकायची. ही गाणी तिकडं दहा-बारा वर्षांपूर्वी गाजलेली. दर हिवाळ्यात दुकानांत आणि रेडिओवर तीच परत लावतात, असं अण्णानं सांगितलं होतं.

अण्णा माझा थोरला भाऊ. फाउंड्रीत होता. नव्वदीच्या शेवटाला कारखान्यानं त्याला तीन वर्षांच्या ट्रेनिंगसाठी जपानला धाडलं. शाहूपुरीत आमचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. पोरगा जपानला गेला आणि अप्पांची, म्हणजे वडलांची, चालच बदलली की हो! वॉशर मागायला आलेल्या पावण्यालाही आधी जपान ऐकावं लागायचं, वॉशर नंतर.

फोनवर घाईघाईत काय बोलणार, म्हणून अण्णा कॅसेट भरून पाठवायचा. ए साईडला त्याचं बोलणं, बी साईडला रेडिओवरून उतरवलेली गाणी. रविवारी सकाळी पूजा उरकली की अप्पा टेप बाहेरच्या खोलीत मांडायचे आणि शेजारच्या चार जणांना हाका मारायचे. आई डोळ्याला पदर लावून कोपऱ्यात बसायची. अण्णा खणखणीत आवाजात सांगायचा, मी झकास हाय, काम जोरात हाय, काळजी करू नका. ए साईड संपली की अप्पा उठायचे. "झालं. ते बाईचं रडगाणं आता तू ऐकत बस जा," असं मला म्हणायचे. मी टेप उचलून वरच्या खोलीत पळायची.

आमच्या घरात पोरगा बापाशी थेट बोलत नसे. भांडण नव्हे, रीतच तशी. सहलीला जायचं असो, नाहीतर नोकरी धरायची असो, अण्णा मला म्हणणार, "तंगी, अप्पांच्या कानावर घाल की." तंगी म्हणजे धाकटी बहीण; आमच्यात निम्मं कन्नड चालतं. मग मी चहाचा कप हातात देता देता ते कानावर घालायची. अप्पाही उत्तर मलाच द्यायचे, अण्णा दाराआड उभा असला तरी. मला त्याचा केवढा तोरा होता! दोन गडी माणसं माझ्या जिभेवर चालतात म्हणून.

दुसऱ्या हिवाळ्यातली कॅसेट आली. बी साईडला तिसरं गाणं संपलं आणि मधेच अण्णाचा आवाज आला. खणखणीत नव्हे, अगदी हळू.

"तंगी, हितं फक्त तूच ऐकतीस म्हणून बोलतोय. मला परत यायचंय गं. सकाळी उठलं की छातीवर धोंडा ठेवल्यागत हुतंय. बोलायला माणूस न्हाय. कधीकधी मला माझीच भीती वाटाय लागलीय. अप्पांच्या कानावर घाल. त्यांनी नुसतं 'ये' म्हटलं की मी येतो. त्यांनी म्हटल्याबिगर न्हाय यायचा."

लगेच चौथं गाणं सुरू झालं. तीच घुंगरं, तोच बर्फ.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? जिना उतरायला निघालेही होते. आणि अर्ध्या जिन्यात थांबले. कारण तीन आठवड्यांवर आमचं कॉलेजचं गॅदरिंग होतं आणि त्यात मी जपानी गाणं म्हणणार होते. त्याच कॅसेटींमधलं एक, देवनागरीत उतरवून घोकून घोकून पाठ केलेलं. साऱ्या कॉलेजात मी 'जपानवाली' झाले होते. सरांनी माझं गाणं शेवटी ठेवलं होतं, अप्पांना पहिल्या रांगेत खुर्ची होती. आता हे सांगितलं तर घरात रडारड, अप्पांचा पारा, आणि माझ्या गाण्याचा सत्यानाश. म्हटलं, तीन आठवड्यांनी काय बिघडतंय? गॅदरिंग झालं की त्याच दिवशी सांगते. काय अक्कल होती बघा माझी!

पण पुढच्याच रविवारी उत्तराची कॅसेट भरायची होती. अप्पा माईकसमोर खाकरले आणि नेहमीचंच बोलले, "घरची चिंता करू नको. गेलायस तर पुरं करूनच ये. नाव काढ." हे ते दर खेपेला बोलायचे, पाठ झाल्यासारखं. मग वर जाऊन बी साईडला मी माझं बोलले, "अण्णा, अप्पांच्या कानावर घातलंय." सांगणारच आहे, तर आधी म्हटलं काय आणि नंतर म्हटलं काय, असा माझा हिशेब.

गाणं झकास झालं. वन्स मोअर मिळाला. परत येताना स्कूटरवर अप्पा मान मागं वळवून ओरडून म्हणाले, "पोरानं तिकडं नाव काढलं, पोरीनं हिकडं!" एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि एकदा आठवडा उलटल्यावर, इतके दिवस का लपवलंस, याचंच भय वाटायला लागलं.

पुढची कॅसेट आली. ए साईडला खणखणीत आवाज. बी साईडला गाणी, सगळी गाणी, शेवटपर्यंत नुसती गाणी. मी दोनदा ऐकली, मधे एक शब्द नव्हता. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, रुळला वाटतं अण्णा.

तीन वर्षं पुरी करून तो आला. वाळला होता. अप्पांच्या पाया पडला आणि तेव्हापासून त्यांच्याशी 'व्हय' आणि 'न्हाय' यापलीकडं गेला नाही. माझ्यामार्फत निरोपसुद्धा बंद झाले. वर्षभरातच कारखान्याजवळ खोली घेऊन राहायला गेला. लग्न केलं, सणावाराला यायचा, पण अप्पा जेवायला बसले की याला काहीतरी काम निघायचं. मी लग्न होऊन गावातच होते, सगळं बघत होते. माहेरी गेले की ठरवायची, आज बोलायचंच, आणि भाजी निवडून परत यायची.

पुढं काही वर्षांनी अप्पा अंथरुणाला खिळले. एक दिवस मी त्यांना पेज भरवत होते, तर मला म्हणाले, "त्याला इचार की गं, माझं काय चुकलं? मी थेट कसं इचारू?"

त्यांनी माझ्या कानावर घातलं होतं. मी तोंड पुसून दिलं आणि म्हटलं, "काय न्हाय ओ अप्पा, जपानला राहून माणूस तसाच हुतोय." त्यांनी मान हलवली, उरलेली पेज खाल्ली. पंधरा दिवसांत गेले.

रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या दफनभूमीत, माती देऊन सगळे घरी आले. अण्णा अंघोळ करून पायरीवर बसला होता, डोळे कोरडे. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. गॅदरिंग, माझी थाप, अप्पांचं शेवटचं विचारणं, सगळं. वाटलं, थोबाडीत देईल. द्यायला हवी होती.

तो माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "म्हणजे अप्पांना ठाऊकच नव्हतं?"

"कधीच न्हाय."

"ते न्हाय म्हणालेच न्हवते?"

"न्हाय रे अण्णा."

तो उठला, पायात चप्पल घातली आणि ओल्या केसांनी परत रुद्रभूमीकडं निघाला. मी मागोमाग उठले, तर वळून म्हणाला, "तू येऊ नको. माझं मी बोलतो."