नीलभाऊला न सांगितलेली अट

एटापल्लीची बस गडचिरोलीच्या स्टँडवर लागली आणि कंडक्टरने उतरता उतरताच मला हाक मारली. मी पेपर घ्यायला गेलो होतो. "गुरुजी, तुमचा गोरा गेला ना परवा. ताप होता म्हनत. गावानंच माती देल्ली." एवढं सांगून तो कंट्रोलरच्या खिडकीकडे निघून गेला. मी पेपर हातात धरून तिथेच उभा राहिलो. मनात पहिला विचार काय आला हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला त्याला जे सांगायचं होतं ते आता कायमचं राहिलं... हाच तो विचार. माणूस गेला म्हणून रडू आलं ते घरी पोचल्यावर.

तो स्वीडनचा शिल्पकार. नाव निल्स, पण आमच्या मुलखात त्याचा नीलभाऊ झाला. बाप समुद्रकाठच्या ग्रॅनाइटच्या खाणीत दगडफोड्या, त्यामुळे छिन्नी हातात आली तेव्हा याला नीट लिहितासुद्धा येत नव्हतं. पुढे त्याच्या देशातल्या गावागावांच्या चौकांत त्याची शिल्पं उभी राहिली. एका बंदरावर त्याने घडवलेली बाई समुद्राकडे बघत उभी आहे, परत न आलेल्या कोळ्यांसाठी. तिचा फोटो तो पाकिटात ठेवायचा, पण मागितल्याशिवाय कधी दाखवायचा नाही. नाव झालं, मान मिळाला, आणि पन्नाशीत एके दिवशी कामातलं मनच उडालं. कुठल्याशा मासिकात वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळातल्या मूर्तीचं छायाचित्र पाहून तो सरळ इकडे आला. मी तेव्हा एटापल्लीच्या आश्रमशाळेत चित्रकला शिकवत होतो आणि मुलांची सहल घेऊन मार्कंड्याला गेलो होतो. हा उंच माणूस एका मूर्तीच्या तुटक्या मनगटावर हात ठेवून तासभर उभा! मुलं हसायला लागली, आणि मी माझं इंग्रजी पाजळायला पुढे झालो. आठ दिवस जंगल बघतो म्हणून तो माझ्याबरोबर आला आणि सात वर्षं राहिला.

एटापल्लीपासून दोन कोसांवरच्या माडिया आदिवासींच्या पाड्यात त्याने कुडाची खोली बांधली. तिथला लालसू त्याचा जिवलग झाला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघं दिवसभर बडबडत असत. सूरजागडच्या डोंगरात हिंडून यायचे ते तिथल्या लोहखनिजाने तळहात लाल करून. अशातच लालसूला साप चावला. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. नीलभाऊ दोन दिवस जेवला नाही. माडिया लोक गेलेल्या माणसाचा दगड गावाबाहेर उभा करतात, हे त्याने पाहिलं होतं. लालसूचा दगड मी आणू का, असं त्याने मला गावाला विचारायला लावलं.

गायता, म्हणजे गावचा पुजारी, याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणू दे. त्याचा दोस्तच होता. पण गोट्याले लोखंड लावाचं नाई, सांग त्याले. जसा डोंगरात भेटला तसाच उभा कराचा. मेला मानूस, त्याले अजून मारते का कोनी?"

नीलभाऊने विचारलं, "काय म्हणतो?"

मी म्हणालो, "चांगला दगड निवडा म्हणतो."

ही माझी चूक नव्हती, हा माझा माज होता. आमच्या घराने छप्पन साली बुद्ध स्वीकारला. भूतखेत, देवदेवस्की सगळं वडिलांनी उंबऱ्याबाहेर काढलं, आणि त्याचा मला रास्त अभिमान आहे. पण त्या अभिमानाच्या आडून मी दुसऱ्याच्या दुःखालाही अडाणीपणा म्हणायला शिकलो होतो. शिवाय, आता लपवून काय करू, या पाड्यात एका मोठ्या शिल्पकाराचं काम उभं राहावं, पेपरात फोटो यावा आणि फोटोत कडेला मी असावा, एवढी हौस होती.

महिनाभर पाड्यापासून लांब, डोंगरालगतच्या मोहाच्या झाडाखाली छिन्नीचा आवाज चालला. खालचा दगड तसाच ठेवून वर त्याने लालसूचा चेहरा काढला होता, गालात तंबाखू धरलेला, आता हसेल असा. मी इतकं सुंदर काम पुन्हा पाहिलं नाही. ठरल्या दिवशी ढोल वाजवत गाव आलं आणि दगडाजवळ येताच ढोल थांबला. लालसूची बायको जुरीबाई पुढे झाली आणि छिन्नीच्या खुणांवरून तळहात फिरवायला लागली, जखम पुसावी तशी. गायत्याने नीलभाऊकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता.

माणसं निघून गेली. त्यांनी दुसरा, अनघड दगड आणून उभा केला. "झालं काय?" नीलभाऊ मला विचारत राहिला, आणि मी दुसरं खोटं बोललो, पहिल्याहून वाईट. म्हणालो, "त्यांना चेहरा आवडला नाही."

त्याने हत्यारं पोत्यात बांधली ती पुन्हा सोडली नाहीत. स्वीडनहून कामाची पत्रं येत, तो उत्तर देत नसे. एवढा मोठा हात माझ्या दोन वाक्यांनी थांबला. मी बदली घेऊन गडचिरोलीला आलो. दर सुट्टीत त्याच्याकडे जायचो, या खेपेला सांगायचंच असं ठरवून, आणि न सांगता परतायचो.

बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेलो. जुरीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिच्यापाशी बसलो आणि सगळं ओकलो. ती शांतपणे म्हणाली, "त्याले मालूम होतं गुरुजी. आमची बोली शिकला ना तो, मंग गायत्यानंच सांगतलं. दोन पावसाळे झाले."

"मंग मले काऊन नाई बोलला?"

"म्हने, गुरुजी सांगन. आपल्याच तोंडानं सांगन. आपन वाट पाहू म्हने."

दोन पावसाळे! म्हणजे चार सुट्ट्या मी त्याच्यासमोर बसलो होतो. चहा झाला की तो स्टूल जवळ ओढायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचा आणि काही न बोलता माझ्याकडे बघत राहायचा... मला वाटायचं, थंड मुलखातला माणूस, बोलत नाही फारसा. ती शांतता मला सोसायची नाही, मग मी बदल्यांचं, हेडमास्तरांचं, नव्या पुस्तकांचं काहीबाही सांगत सुटायचो. तो पूर्ण ऐकून घ्यायचा आणि बसची वेळ झाली की स्टँडपर्यंत पोचवायला यायचा.

मी खोलीत गेलो. स्टूल तिथेच होतं. त्याच्यासमोर खाली बसून मी त्याला सगळं सांगितलं, गायत्याची अट, माझा माज, फोटोची हौस, दोन्ही खोटी. मोठ्याने सांगितलं, मराठीत, कारण इंग्रजी आठवेना. बाहेर जुरीबाई मोह पसरत होती. तिला सगळं ऐकू गेलं असणार, पण तिने मान वर केली नाही.