माळकऱ्याच्या घरातलं कच्चं चिकन

बावड्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून आमच्या ह्यांनी जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. देणाऱ्यानं बजावलं होतं, की याला भाकरी घालायची नाही, कच्चं मांसच घालायचं, कारण कुत्रा म्हणजे मुळात लांडगाच. पुढचं ज्ञान मोबाईलवरच्या व्हिडिओंनी पुरवलं.

पिंपळीतल्या आमच्या घरात तोवर अंडंसुद्धा आलं नव्हतं. सासरे, म्हणजे आबा, माळकरी. ह्यांना खायचं असलं की ते बारामतीत खाऊन यायचे, आणि ते सगळ्यांना ठाऊक असायचं. आता फ्रिजमध्ये कोंबडीच्या माना आणि पाय राहायला आले. ज्या सिंकमध्ये मी मेथी धुवायची, तिथंच ते बर्फ सुटेपर्यंत पडून असायचे. मी तक्रार केली, तर ह्यांनी मला एक व्हिडिओ दाखवला. आबांनी त्या फ्रिजमधलं दूध सोडलं. ते कोरा चहा प्यायला लागले.

पिल्लाला आबांचाच लळा लागला. त्याचं खाणं झालं, की ते ओसरीवर त्यांच्याजवळ जायचं आणि त्यांचे हात चाटत बसायचं. आबा त्याच हातानं शेंगदाणे खायचे. कुत्र्याची कातडी तुकतुकीत झाली. कन्हेरीचे पाहुणे मुद्दाम बघून गेले.

मग आबांना ताप आला आणि जुलाब सुरू झाले. घरचे उपाय करून पाहिले, पण त्यांना उठून बसवेना, तेव्हा बारामतीच्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी बाहेरचं काही खाल्लं का म्हणून विचारलं. आबा घराबाहेर पडलेच नव्हते. तपासणीचा कागद बघून डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "घरात कच्चं चिकन कोण हाताळतं?"

हे म्हणाले, "मी. कुत्र्यासाठी."

डॉक्टर म्हणाले, की नेमकं कुठून आलं ते सांगता येणार नाही, पण असे जंतू कच्च्या चिकनमध्ये असतात. कुत्र्याच्या तोंडातून, भांड्यातून, विष्ठेतूनही ते पसरतात. कुत्रा ठणठणीत दिसतो, आणि आजारी पडतात म्हातारी माणसं आणि लहान मुलं.

ह्यांना ते पटलं नाही. तिथूनच ते मला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. फ्रीजरमध्ये जंतू मरत असतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मरत नाहीत, नुसते थांबतात, असं उत्तर मिळालं. शेवटी ह्यांनी लांडग्याचा विषय काढला.

"लांडगा तुमच्या ओसरीवर झोपत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुत्रा झोपतो. मग त्याच्या खाण्याची जबाबदारी तुमची."

घरी आल्यावर ह्यांनी फ्रिज रिकामा करून धुतला, सिंक धुतलं, आणि गोठ्याशेजारी वेगळी शेगडी मांडली. तिथं ते बिनहाडाचं चिकन शिजवून त्यात भात कालवायला लागले. शिजवलेलं हाड आणखी वाईट, ते घशात किंवा आतड्यात रुततं, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या लग्नानंतर ह्यांनी केलेला हा पहिला स्वयंपाक. कुत्र्यानं तो हुंगला आणि तिथंच सोडला. हे त्याची समजूत घालत बसले.

आबा अशक्त होऊन घरी आले. कुत्रा बावड्याला परत देऊन येतो, असं हे त्यांना म्हणाले.

"आणलंय तर संभाळ," आबा म्हणाले. "त्यानं काय मागितलं न्हवतं. तू घातलंस, त्यानं खाल्लं."

ह्यांनी मान हलवली आणि कुत्र्याचं भांडं घासायला नळावर गेले. ते भांडं अजून हेच घासतात.