समिंदराची ओटी

गाव सोडलं त्या दिशी आमच्या बैलगाडीत दाराची चौकट उभी बांधल्याली हुती. दार न्हाय, नुसती चौकट. तात्यांनी भिंतीतनं उपटून काढल्याली. तिच्यातनं मागं बघितलं की गाव दिसायचं, जसं काय आपण अजून घरातच हाय आन् बाहीर बघतोय. भीमेचं पाणी धरणानं तुंबून खालच्या आळीपतोर आलं हुतं. समद्यांची घाई चाललेली, आन् माझी आई कुठं दिसंना.

ती पाण्याच्या कडंला हुती. नारळ, खण, वंजळभर गहू, हळदी-कुकू. भीमेची ओटी भरत हुती.

मी नुकतंच लुगडं नेसाया लागलेली पोर. मला असा राग आला! म्हणलं, "आये, ती आपलं घर गिळाया आलीया, आन् तू तिची ओटी भरतीस?"

आईनं मागं वळून बी बघितलं न्हाय. म्हणली, "ती काय हौसंनं आली व्हय? तिलाबी कुणीतरी आडवलंय. तीबी तिची वाट सोडून हितं आली. दारात आलेल्या बाईला रिकामी धाडू नये."

मला न्हाय पटलं. त्या पाण्यात कधी पाय घालायचा न्हाय, असं मी तवाच मनाशी ठरवलं.

सखूबाई, तू माझी जाऊ. लासुर्ण्यात दोन चुलींवर आपण जलम काढला, पण ह्ये तुला कधी सांगितलं न्हवतं. आता इतक्या लांबनं सांगती. मला लिव्हाया येत न्हाय, फोनवर बोलून धाडती. तू ऐक, आन् आपल्यातल्या ज्या बाया लेकापोरांमागं परदेशात जाऊन बसल्यात त्यांनाबी ऐकव.

डाळजच्या वरच्या माळावर आमाला जागा दिली. नुसता खडक. पत्र्याचं छप्पर आन् त्याला ती चौकट. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, तवा आई लेकरांना बाभळीखाली निजवायची. दर साली माघापासनं पाणी हटाया लागायचं आन् आमचं बुडाल्यालं रान उघडं पडायचं. मंग तात्या त्या गाळात कलिंगडं, काकड्या लावायचं. गाळपेर म्हंत्यात त्याला. पाणी एकदा हटलं की पाऊसकाळापतोर माघारी यायचं न्हाय, बिनघोर पेरायचं. आई मातूर दर साली पाण्याची ओटी भरायची, मी बांधावर उभी राहून बघायची. मी त्या गाळात राबले, पण पाण्यात पाऊल टाकलं न्हाय.

फुडचं तुला ठाऊक हाय. वैशी शाळंत असताना तिचा बाप गेला. मी ऊस राखला, पाणी धरलं, खुरपलं, आन् लेकीला नर्स केलं. त्यात सांगण्याजोगं काय न्हाय, समद्याच बाया करत्यात. पण आई जाताना मला म्हणली हुती, "कमल, माझ्यामागं तिची ओटी चुकवू नको." पयल्यांदी माझा राग आडवा आला. राग इझला तवर मी रांडमुंड झाले हुते. भावजयीला म्हणलं, चल, आईचं ऱ्हायलंय ते करू. ती खाली बघून म्हणली, "वन्सं, तुमच्या हातनं कसं चालंल?" तिचं काय चुकलं न्हाय, रीतच तशी. पण आईचा शब्द तसाच ऱ्हायला. आईचा फोटू बघितला की पयलं तेच आठवायचं.

आता मी ऑस्ट्रेलियात हाय, वैशीकडं. मकाय नावाचं गाव. नाव आयकून मला वाटलं मका आसंल, तर जिकडं बघावं तिकडं ऊस! आन् काय ऊस बाई. तोडायला मशीन, एका माणसाचं काम. टोळी न्हाय, कोयता न्हाय, पाचटात झोपल्यालं लेकरू न्हाय. उसाला आगगाडी हाय, बारकी, लांबच लांब, उसानं भरल्यालं डबं वढत कारखान्याला जाती. पयल्यांदी बघितली तवा मी रस्त्यातच हात जोडलं. वैशी म्हणली, "आई, काय करतीस?" म्हणलं, "बैलाच्या मानंच्या वतीनं नमस्कार करती."

हितं मला दोन मैतरणी मिळाल्या. एक सुरजीत, पंजाबातली, माझ्यासारखीच नवरा गेल्याली, लेकाकडं आलेली. अंगानं आडवीतिडवी, हसली की बाकडं हालतं. दुसरी मेरीबाई, आमच्या शेजारची गोरी. नवरा जाऊन लई वर्सं झाली. वय माझ्यापेक्षा बरंच म्होरं, गुडघं दुखत्यात, तरी घराचा पत्रा स्वता रंगवती, गाडी स्वता चालवती. तिला माझं येत न्हाय, मला तिचं येत न्हाय, सुरजीतचं हिंदी आन् मोडकंतोडकं इंग्रजी दोघींच्या मधी. तरी आमचं समदं बोलून हुतं, सासूपासनं सांधेदुखीपतोर.

मेरीबाईनंच काढलं, शनवार-रयवार समिंदराच्या कडंनं गाडीनं जाऊ, रातच्याला तितंच खोली घेऊ. वैशी म्हणली जा. मी भाकरी बांधल्या, शेंगदाण्याची चटणी, खिचडीपुरतं तांदूळ. सुरजीतनं पराठं घेतलं. मेरीबाई आमच्या पिशव्यांकडं बघून म्हणली, सुरजीतनं सांगितलं मला ते, "दोन दिस जायचंय की दोन साल?"

काय तो रस्ता, सखूबाई! एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला समिंदर. ऊस येवढा जवळ की वाऱ्यानं दोन्ही संगटच हालायचं. मेरीबाई एका हातानं गाडी चालवायची आन् दुसऱ्या हातानं पराठा खायची. सुरजीत मागं बसून गाणं म्हणायची. मला वाटलं, ह्या वयात आपण तिघी बाया, संगं बाप्या न्हाय, विचारणारं कुणी न्हाय, आन् कुठं निघालोय तर हौस म्हणून! आपल्याकडं बाई घराबाहीर पडती ती दवाखान्याला न्हायतर मयताला.

दुपारी एका ठिकाणी थांबलो. पाणी लांब मागं हटल्यालं. नुसती वली वाळू, आपल्या रानात वखर फिरवल्यावानी रेघा. मधी एक बारकी टेकडी, तिच्यावर झाडं. तितपतोर कोरडी वाट. मेरीबाई बोटानं तिथंच थांबा म्हणून चहा आणाया टपरीकडं गेली. मी म्हणलं, "सुरजीत, चल, टेकडी बघून येऊ."

ती म्हणली, "पानी आ गया तो?"

मी हसले. म्हणलं, "अगं, पाणी हटलंय न्हवं? आता पाऊसकाळापतोर कुठलं येतंय! मी पाण्याकाठची हाय."

गेलो. टेकडीवर बसलो, शिंपलं येचलं, चटणी-भाकरी खाल्ली. सुरजीत चटणीनं नाक पुसाया लागली. आन् बघती तर वाट न्हाय. जितनं आलो तितं पाणी. आवाज न्हाय, काय न्हाय, गुमान सरकत आल्यालं, जसं भीमेचं आमच्या आळीत आलं हुतं. समिंदर दिसातनं दोनदा जातो आन् दोनदा येतो, ह्ये मला काय ठावं!

तिकडं काठावर मेरीबाई दोन्ही हात हालवून वरडत हुती. चहाचं गिल्लास वाळूत पडल्यालं.

सुरजीत दगडाला चिकटून बसली. "मैं नहीं आती. तू जा कमला. मैं यहीं मरूंगी."

मी म्हणलं, "मर, पण काठावर येऊन मर. मी येवढी वझ्याची बाई वढणार न्हाय." ती रडता रडता हसली, तवा तिला उभी केली. लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला, उसाला पाणी धरताना खोवत्यात तसा. तिच्या वढणीचं एक टोक तिच्या कमरंला, एक माझ्या कमरंला बांधलं. आन् पाण्याच्या कडंला येऊन मी थांबले. चौकट आठवली. आईची पाठ आठवली. मागनं सुरजीत म्हणली, "अब तू क्यों रुकी?" डोळं झाकलं आन् पाय घातला.

पाणी कोमट हुतं. मला वाटलं हुतं गार आसंल.

गुडघा, मांडी, कंबर. सुरजीत वाहेगुरू वाहेगुरू म्हणत हुती, मी आये आये म्हणत हुते. बघते तर म्होरनं मेरीबाई कपड्यासकट पाण्यात शिरल्याली, ते दुखरं गुडघं घेऊन, छत्रीची काठी फुडं धरून. ती काठी मी धरली आन् तिनं आमाला दोघींना वढलं. काठावर आल्यावर ती अशी काय शिव्या घालाया लागली! भाषा येत न्हवती, पण एक बी शिवी हुकली न्हाय. मंग एकाएकी आमच्या दोघींच्या गळ्यात पडून रडली. असली बाई मी बघितली न्हवती. कुठली कोण, नात्याची न्हाय, गावची न्हाय, आन् आमच्यासाठी पाण्यात उतरली.

सकाळी मी लवकर उठून काठावर गेले. झाडाखाली नारळ पडल्यालं हुतं, हितं कुणी उचलत बी न्हाय. एक घेतला. खिचडीपुरतं आणल्याल्यातलं उरल्यालं तांदूळ वंजळीत घेतलं. ह्या दोघी मागं येऊन उभ्या राहिल्या. तुमच्या हातनं चालत न्हाय म्हणणारं हितं कुणी न्हवतं. मेरीबाईबी माझ्यासारखीच, सुरजीतबी माझ्यासारखीच. मी पाण्यात घोट्याइतकी गेले. म्हणलं, बाई, भीमा काय आन् तू काय, ती तुझ्याकडंच येती शेवटाला. माझ्या आईची ऱ्हायलेली ओटी घे. काल तू आमाला घ्यायला आली हुतीस, पण सोडलंस.

तांदूळ गेलं. नारळ लाटंनं माघारी आणून माझ्या पायाशी टाकला.

सुरजीत खदाखदा हसली. "लौटा दिया! उसको नहीं चाहिए!"

माझ्या डोळ्याला धार लागली. तिला म्हणलं, तसं नसतं गं. लेक सासरी निघाली की ओटीतलं मूठभर माहेरच्या उंबऱ्यावर टाकून जाती, घर रिकामं पडू नये म्हणून. ही लेकीची जात हाय. घेतलं बी, दिलं बी. सुरजीतनं मेरीबाईला ते आपल्या परीनं सांगितलं. मेरीबाईनं नारळ उचलला, पुसला आन् माझ्या पिशवीत ठेवला.

सोमवारी दारावर टकटक झाली. माझा चटणीचा डबा गाडीत ऱ्हायला हुता, त्यो द्यायला मेरीबाई आल्याली, लंगडत. वैशी म्हणली, "आई, तिला घाई हाय." म्हणलं, "आसू दे." आत जाऊन नारळ आणला, तांदूळ आणलं. तिला पदर कुठला? तिच्या स्वेटरचं टोक मीच धरलं, तिच्या हातात दिलं आन् ओटी भरली. माझ्या हातनं, वैशीच्या बापामागं पयलीच ओटी कुणा बाईची.

वैशी म्हणली, "तिला काय सांगू?"

म्हणलं, "सांग, दारात आलेल्या बाईला आमच्यात रिकामी धाडत न्हाईत."

मेरीबाईनं आयकलं. मान हालवली. मंग वाकून, गुडघा धरून, तिनं मूठभर तांदूळ आमच्या दारात ठेवलं आन् नारळ पोटाशी धरून रस्ता वलांडून गेली. मी दारात उभी राहून बघत हुते. ह्याबी दाराला चौकट हाय, सखूबाई. हितनं बाहीर बघताना मला पयल्यांदाच वाटलं, की मी आत हाय.